आईंनी अजून गॅस पेटवला नव्हता

"हॅलो?… हां रुपाली, बोल… अगं हो, घरी आलो. सगळे."

देवयानी स्वयंपाकघरात कोट घालूनच उभी होती. दिवसभर खिडक्या उघड्या टाकल्यामुळे पिस्कॅटवेतलं तिचं घर गारठून गेलं होतं, आणि तिकडे अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला, नणंद रडकुंडीला आली होती.

"रडू नकोस आधी. आई बऱ्या आहेत… शप्पथ!… काय? गिरीशने नुसतं 'आईला हॉस्पिटलमध्ये आणलंय' एवढंच टाकलं? कमाल आहे तुझ्या भावाची… अगं ऐक ना, पहिल्यापासून सांगते.

"काल रात्री बर्फ पडला ना… हो, गुडघाभर. सकाळी आई उठल्या त्या डोकं धरूनच. मळमळतंय म्हणाल्या. माझंही डोकं जड झालेलं. म्हटलं, त्यांचा जेटलॅग असेल, माझी सर्दी असेल…

"आणि मग तो अलार्म कोकलायला लागला… हो, छताला लावलेला, धुराचा. आमच्याकडे रोजचंच ते. गिरीश ओरडला, 'आई, फोडणी देताना पंखा लावत जा गं!' आणि स्टुलावर चढून बॅटरीच काढायला निघाला… हो ना! तेवढ्यात आई म्हणाल्या, 'अरे, मी अजून गॅस पेटवलाच नाहीये.'

"…हॅलो? आहेस ना?… हां.

"मग कान देऊन ऐकलं. तो अलार्म बोलतो ना मधूनमधून? 'कार्बन मोनॉक्साइड' म्हणत होता, तो विषारी वायूही ओळखतो… नाही गं, वास नसतो त्याला. काही म्हणजे काही कळत नाही."

देवयानीने खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"गिरीशने आईंना शालीसकट उचललं… अगं, खरंच उचललं! मी नुसत्या मोज्यांवर धावले, समोरच्या मीनाक्षीकाकूंकडे. तिथूनच नाइन-वन-वनला फोन केला. फायर ब्रिगेडवाल्यांनी आत जाऊन हवा मोजली. हीटिंगचा धूर बाहेर टाकायचा पाइप असतो ना, भिंतीतून निघालेला? तो बर्फाखाली गाडला गेला होता. सगळं आत, घरात साठत होतं…

"हो, हो… हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन दिला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर बाहेर पडलात… आता हीटिंगवाला सगळं बघून गेलाय, हवाही पुन्हा मोजली. काही नाही आता. गिरीश अजून बाहेर फावडं घेऊन पाइपभोवती खणतोय. ऐकतच नाही… आणि तू तुझ्या घरचा अलार्म तपास. बटण दाबून बघ… अगं, आत्ता नको, फोन ठेवल्यावर!

"आईंशी बोलायचंय? झोपल्यात त्या… रुपाली? अगं, साधी झोप आहे!… बरं, बरं. थांब. जाते."

फोन कानाशी धरूनच ती आईंच्या खोलीपाशी गेली. दारात क्षणभर थबकली.

"आई?"

पांघरूण हललं नाही. तिने खांद्याला हात लावला.

"आई!… 

"ऐकलंस?… हो, माझ्यावरच खेकसल्या. जरा कुठे डोळा लागला होता म्हणे… हो गं, चांगल्याच खेकसल्या! रडतेस काय आता, हस की!"

स्वतः मात्र ती कोटाच्या बाहीने डोळे पुसत होती.

"चल, ठेवते. मलाच ओरडतायत, बाहेर जाऊन बोल म्हणून."