किडनीचा धडा

सोलापुरातल्या एका दवाखान्यात वैजयंतीबाई आपल्या रिपोर्टची वाट बघत बाकावर बसल्या होत्या. शेजारी माळशिरसच्या मायलेकी होत्या. बाप महिपती आत डायलिसिसला आणि लेकीचा अकरावीचा जीवशास्त्राचा पेपर दुसऱ्या दिवशी, म्हणून पुस्तक मांडीवर मिटून आई तिची उजळणी घेत होती.

"अंकिता, किडनीचं काम सांग."

"रक्तातली घाण गाळून लघवी तयार करणं. आई, सकाळपासनं ह्योच धडा चाललाय. हृदयाचं इचार की."

"हृदयाचं ऱ्हाऊ दे. एका किडनीवर माणूस जगतो का?"

"जगतो. उरलेली जरा वाढती आन् दोघींचं काम वढती."

"घरातल्या सुनंसारखं म्हण की."

"पुस्तकात तसं न्हाय."

"मग त्या माणसाला रानातलं वजं उचलाय येतं का?"

"हे परीक्षेला येत न्हाय."

"मी इचारतीया, सांग."

"काही महिने जाऊ द्यायचे. मग येतं म्हणं."

"आन् ज्यानं दिली त्याचा स्वभाव घेणाऱ्यात उतरतो का?"

"न्हाय गं. स्वभाव किडनीत नसतो."

"म्हंजी तुजं पप्पा हायेत तसंच तापट ऱ्हाणार."

तेवढ्यात नर्स दारात आली.

"महिपतींना किडनी देणाऱ्या बाई कोण? तपासणीला चला."

आई उठली. वैजयंतीबाईंनी पाय जवळ घेऊन तिला वाट दिली. तिनं पुस्तक लेकीच्या हातात ठेवलं.

"मी येस्तवर हृदयाचं वाचून ठीव."