टॉवेलावरून ओळखलेल्या इसमाबाबत

पुरवणी जबाब, दि. १७/०४/२०२५

मी निंगव्वा ईरप्पा बगले, वय अंदाजे ६८ वर्षे (रेशनकार्डावर ७४ लिहिले आहे, ते लिहिणाऱ्याला विचारावे), धंदा विडी वळणे, रा. कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर. मला लिहिता-वाचता येत नाही. मराठी व कन्नड बोलता येते. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, मी सून शिवलीला व दोन नातवंडांसह राहते. मुलगा नंदीश, वय ३९, हा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होता.

मागच्या दिवाळीत कारखान्याने बोनस न देता विणीत खोट निघालेले टॉवेल कामगारांना वाटले. नंदीशच्या मागावर लाल काठातला एक धागा सारखा तुटत होता, त्यामुळे त्या टॉवेलांच्या काठात पांढरी रेघ पडली होती. माझे मालक, म्हणजे नंदीशचे वडील, हेही जन्मभर मागावर राबून गेले, म्हणून मला विणीतले कळते. डिसेंबरात माग बंद झाले. तेव्हापासून घर रेशनवर चालते. कार्डावर पाच नावे, माणशी पाच किलो धान्य. ते वीस तारखेपर्यंत पुरते. पुढे कण्या.

दि. २० जानेवारीला सकाळी नंदीश जेवत असताना त्याने तिसरी भाकरी घेतली. मी म्हणाले, "काय रे, पाच किलोचा माणूस आठ किलो जेवतो की!" मला चेष्टा करायची सवय आहे. सूनही हसली. नंदीश हसला नाही. भाकरी ताटात तशीच ठेवून, हात धुऊन तो बाहेर गेला. फोन घरीच होता. परत आला नाही, म्हणून ठाण्यात हरवल्याची खबर दिली. ती भाकरी कोणी खाल्ली असे हवालदारसाहेबांनी विचारले. त्याचा तपासाशी संबंध नाही.

दि. २ फेब्रुवारीला पोलिसांनी मला एक प्रेत दाखवले. ते विहिरीत सापडले होते व चेहरा ओळखू येत नव्हता. गळ्यात टॉवेल होता. लाल काठात पांढरी रेघ. मी टॉवेल हातात धरून पाहिला आणि "हा माझा नंदीश हाय" असे सांगितले. तसा जबाबही दिला. प्रेताकडे मी नीट पाहिले नाही. टॉवेल ओळखण्यात माझी चूक झालेली नाही, तो नंदीशच्याच मागावरचा होता. पण तसे टॉवेल कारखान्यातल्या सगळ्यांना वाटले होते, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आले नाही.

त्याच दिवशी आम्ही प्रेत ताब्यात घेतले. आम्ही लिंगायत असल्याने बसवून पुरतो, तसे आमच्या रुद्रभूमीत पुरले. शिवलीलाने मंगळसूत्र काढले.

पुढे मयताचा दाखला मिळाला. तो रेशन दुकानात देऊन नाव कमी करायला हवे होते. मी दिला नाही, ट्रंकेत ठेवला. नाव गेले असते तर पाच किलो गेले असते. दुकानदार युवराज यांनी विचारले की मी सांगायची, "कामाला गेलाय बाहेरगावी." सून म्हणायची, "अत्ती, मेलेल्या माणसाचं धान्य खायचं व्हय?" मी म्हणायची, "जित्ता असताना लई खात होता, आता आपल्याला खाऊ घालू दे." हा गुन्हा असल्यास तो माझा आहे, सुनेचा नाही.

एप्रिलमध्ये दुकानात सांगितले की कार्डावरच्या प्रत्येकाने मशीनवर अंगठा देऊन केवायसी करायची, नाही तर नाव कापणार. दि. १५ रोजी मी, सून व पोरे गेलो. विड्या वळून माझ्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत, म्हणून माझा डोळा घेतला. नंदीशचे कसे करायचे ते मी विचारले नाही. युवराजच मशीनमध्ये बघून म्हणाले, "आज्जी, नंदीशचं झालंय की. मार्चच्या बावीस तारखेला अंगठा दिलाय. तुमी म्हनत होता ते खरंच हाय, बाहेरगावीच हाय त्यो."

मी त्यांना दोनदा बघायला लावले. अंगठा जिथे दिला त्या दुकानाचा नंबर काढून त्यांनी फोन केला. दुकान वेळापूरचे निघाले. तिथल्या माणसाने सांगितले, उंच, उजव्या भुवईवर खूण असलेला एक मजूर आला होता. धान्य घेतले नाही. अंगठा दिला नाही तर घरच्यांचे धान्य कमी होईल का, एवढे विचारून, अंगठा देऊन निघून गेला. भुवईवरची खूण नंदीशची आहे, लहानपणी पाट लागला होता.

शिवलीला दुकानाच्या पायरीवर बसली. पिशव्या मी उचलल्या.

मुलाबाबत माझी काही तक्रार नाही. तो जाणता आहे, घर त्याला माहीत आहे. आपण मेलो हे मात्र त्याला माहीत नसावे. मयताचा दाखला सोबत हजर करते, तो रद्द व्हावा. सून बाहेर बाकावर आहे. मंगळसूत्र आता घालायचे का, असे तिने विचारायला सांगितले होते. साहेब म्हणाले, "आजी, हे मी कसं सांगू?"

मी आले आहे ते पुरलेल्या माणसासाठी. तो त्याच कारखान्यातला असावा. टॉवेल कोणाकोणाला मिळाले व त्यातले कोण घरी नाही, ते बघावे. तो कोणत्या जातीधर्माचा, त्याच्यात पुरतात की जाळतात, मला माहीत नाही. आम्ही त्याच्या कपाळाला विभूती लावली. जागा मी दाखवीन. उकरायचे असल्यास माझी हरकत नाही.

त्याची आई किंवा बायको सापडली तर तिला माझा पत्ता द्यावा. त्याला नवे कापड नेसवले होते व तीन दिवस आमच्या घरी चूल पेटली नव्हती, हे तिला सांगावे. मी आई म्हणून रडले. त्यात काही कमी केले नाही.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला, अडले तिथे सुनेने आत येऊन कन्नडमध्ये सांगितले. "रडले" हा शब्द साहेब गाळणार होते, तो मी ठेवायला लावला. बाकी सगळे मी बोलले तसेच आहे.