डिकीतला पुरावा

गुंडप्पा : गुरुजी, शेवटचं सांगतो. या इंजिनाची टायमिंग चेन आजपर्यंत कुणी बदललेलीच न्हाई.

वसंतराव : म्हणजे माझा मुलगा खोटारडा? दिवाळीत अनिमेष स्वतः गाडी घेऊन लातूरला गेला. दोन दिवस राहिला. चेन, टेन्शनर, दोन्ही नवीन टाकून आणलं.

गुंडप्पा : मग सकाळी सुरू केल्याबरोबर खडखड कशाची?

वसंतराव : ते तू सांगायचं! आलो तेव्हा गाडी चालत होती, आता म्हणतोस सगळंच गेलं. अर्ध्या मुरुडला शिकवलंय मी. चेहरे वाचता येतात मला.

गुंडप्पा : वाचा की मग. कव्हर तुमच्या म्होरंच खोललं ना? कव्हर चिकटवायची कंपनीची पेस्ट जशीच्या तशी, पात्यानं कापावी लागली. आन् हा टेन्शनर बघा. चेन ढिली पडली की ह्याचा दट्ट्या बाहेर सरकून तिला ताणून धरतो. पार टोकाला आलाय. सहा महिन्यांत एवढं झिजत असतंय व्हय?

वसंतराव : बोलण्यात तू चौथीपासूनच हुशार. थांब. जुनी चेन मी अनिमेषकडून मागून घेतली होती, डिकीतच आहे. ऐकीव गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही, घरच्यांच्यासुद्धा.

(वसंतराव वर्तमानपत्रात गुंडाळलेली चेन आणून बाकावर ठेवतात.)

वसंतराव : बघ. झिजलीय की नाही?

गुंडप्पा : लई झिजलीय.

वसंतराव : मग? आता काय म्हणणं आहे तुझं?

गुंडप्पा : गुरुजी, हिला कड्यांच्या दोन रांगा हायेत. तुमच्या इंजिनात एका रांगेची बसती. ही दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीची हाय.

वसंतराव : काहीतरी सांगू नकोस. इंजिनाच्या त्या दातेरी चक्रीवर लावून दाखव.

गुंडप्पा : घ्या, तुमीच लावा.

वसंतराव : ...बसत नाही.

गुंडप्पा : जाऊ द्या. गॅरेजवाल्यानंच पोराला फसवलं असंल.

वसंतराव : नाही रे. "बाबा, समोर उभं राहून बदलून घेतली," म्हणाला होता. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. आणि मी इथं येऊन तुला नको नको ते बोललो.

गुंडप्पा : त्याचं काय एवढं? नवीन टाकू का?

वसंतराव : टाक.

गुंडप्पा : संध्याकाळ व्हईल. तुमी घरला जावा, मी फोन करतो.

वसंतराव : नको, इथंच बसतो.

गुंडप्पा : अजून भरोसा न्हाई व्हय माझ्यावर?

वसंतराव : तसं नाही रे. अनिमेष घरी आहे आज.