डांग काढता येत नाही

(वरळीची एक सरकारी कचेरी. एप्रिल १९६०. पंधरवड्यात द्वैभाषिक मुंबई राज्याचे दोन तुकडे व्हायचे आहेत. खोलीत कपाटांएवढं गणकयंत्र घरघरतंय. त्याच्यासाठी केलेल्या गार हवेत अण्णा पेठे तेवढे घामाघूम. शेजारी त्यांच्या हाताखालची कालिंदी सोनवणे. दारात चहा घेऊन धोंडू शिपाई.)

कालिंदी : काय म्हणतंय?

अण्णा : कोल्हापूरला धान्य लागत नाही म्हणतंय.

कालिंदी : अजिबात?

अण्णा : अजिबात. काल निदान पोतंभर लागत होतं.

कालिंदी : आणि रत्नागिरी?

अण्णा : रत्नागिरीत माणसं उणे आहेत.

धोंडू : च्या घेवा, अण्णानु. उणे म्हणजे काय ता?

अण्णा : शून्याहून कमी. जन्मायच्या आधीच मुंबईला निघून आलेली.

धोंडू : मगे बरोबर आसा. आमचो अख्खो गाव घोडपदेवाक आसा.

अण्णा : चहा ठेव आणि बाहेर जा. ही खोली यंत्रासाठी गार केलीय, माणसांनी गारव्याला बसण्यासाठी नाही. परवा हिशेबखातं इथे डबे खाऊन गेलं. यंत्रावर लोणच्याचा डाग आहे.

धोंडू : कप घेवन जातंय. प्यावा तुमी.

कालिंदी : अण्णा, साहेब चारला येणारेत. नव्या राज्याचं जिल्हावार धान्यवाटप त्यांना आजच सचिवालयात न्यायचंय. माझा प्रोग्रॅम आत्ता लावला तर होईल. नंतर नाही.

अण्णा : तुमचा प्रोग्रॅम दोन तास खातो.

कालिंदी : थोडे जास्तच.

अण्णा : माझा अकरा मिनिटं.

कालिंदी : अकरा मिनिटांत कोल्हापूर उपाशी राहतं.

अण्णा : ते आत्ता. राज्य एक होतं तोवर चार वर्षं एक दाणा इकडचा तिकडे झाला नाही.

कालिंदी : राज्यं दोन व्हावीत म्हणून फाउंटनला लाठी कोणी खाल्ली होती?

अण्णा : मी. खांदा अजून दुखतो. पण लाठी खाताना प्रोग्रॅमचा विचार कोण करतं, कालिंदीबाई?

धोंडू : पण गुजरात काढलो तर कोल्हापूर कित्याक उपाशी?

कालिंदी : बाकी गुजरात निघाला, धोंडूदादा. सुरत गेलं, भडोच गेलं, कच्छसुद्धा मुकाट्याने गेला. अडलाय तो एकटा डांग.

धोंडू : डांग? तो तर आपणाक होयो हुतो! मशीन समितीचा दिसता.

अण्णा : समितीने सोडला, यंत्र सोडत नाही. आता ऐकच. याच्या पोटात घरं असतात. एका घरात एक आकडा. आपण देतो त्या आज्ञा, त्याही आकड्यांतच. मी लिहायला बसलो तेव्हा सगळी घरं भरली आणि एक कमी पडलं. बघता बघता ध्यानात आलं, की ‘डांगची वस्ती उचल’ ही आज्ञा नुसता आकडा म्हणून वाचली, तर पुढे मला भागायला नेमका तोच आकडा हवाय. मग दुसरं घर कशाला? तोच वापरला. आता डांगची आज्ञा काढली की तो आकडाही जातो आणि कोल्हापूरचा भागाकार चुकतो.

धोंडू : म्हणजे एका खोलयेत दोन बिऱ्हाडां.

अण्णा : अगदी. आमची गिरगावातली खोली बघ. सकाळी स्वयंपाकघर, संध्याकाळी मुलांची शिकवणी, रात्री सात जणांचं शेजघर. मुंबईत घर वाचवलं की लोक पेढे वाटतात. मला इथे नुसतं ‘बरं’ म्हणाले.

कालिंदी : आणि त्या खोलीत पाण्याला एक जण उठला की?

अण्णा : सातही उठतात. पण खोली अकरा मिनिटांत आवरते.

धोंडू : डांग आत ऱ्हवांदे मा. छापू नका.

अण्णा : ऐका! चार यत्ता शिकलाय, पण सचिवालयात शोभेल.

कालिंदी : पाहिलं करून. आत ठेवला तर त्याच्या वाट्याचं धान्य बाजूला पडतं, बाकीच्यांचं कमी होतं. वस्ती शून्य घातली तर भागाकार अडतो आणि यंत्रच थांबतं.

धोंडू : मगे बाईंचा चलता ता कसा?

कालिंदी : मी आकड्यांत लिहीतच नाही. ‘जिल्ह्याची वस्ती भागिले राज्याची वस्ती, गुणिले धान्य’ असं सरळ लिहिते. परदेशातून भोकं पाडलेल्या कार्डांचा एक गठ्ठा आलाय, तो आधी घालायचा. मग यंत्र माझ्या लिहिण्याचे आकडे स्वतःच करतं.

अण्णा : कसे करतं तेही सांगा. एकच आकडा तीनदा उचलतं, तीनदा ठेवतं, ठेवला कुठे ते पुन्हा विचारतं. यंत्राच्या पोटात हेडक्लार्क बसवलाय.

कालिंदी : मंद आहे, कबूल.

अण्णा : लाज नाही वाटत?

कालिंदी : वाटते. तुमचा प्रोग्रॅम पहिल्यांदा वाचला तेव्हा तर घरी जाऊन जेवले नव्हते. असं मला जन्मात जमणार नाही. पण पुढच्या यंत्रात याच्या आठपट घरं असणार आहेत, अण्णा. तिकडे आता आकड्यांत लिहिणारे कमी होत चाललेत. यंत्राचा वेळ स्वस्त होतोय, माणसाचा महाग.

अण्णा : पगाराच्या दिवशी तसं वाटत नाही.

कालिंदी : दोन वाजायला आलेत. मला यंत्र द्या.

अण्णा : आणखी एकदा पाहतो. सापडेल.

कालिंदी : पाडव्यापासून पाहताय. डांगचा आकडा अजून कुठे कुठे गुंतलाय?

अण्णा : कोल्हापुरात. रत्नागिरीत.

कालिंदी : आणखी? अण्णा, तुम्हाला तरी माहीत आहे का?

अण्णा : होतं. लिहिलं तेव्हा सगळं डोक्यात होतं. रात्री उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आता वाचतो तर कोणी दुसऱ्यानेच लिहिल्यासारखं वाटतं. हुशार माणूस होता. सांगून काही गेला नाही.

कालिंदी : डांग ओढला की सगळं कोसळेल, याची तुम्हाला भीती बसलीय. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हा वडिलांनी एका सकाळी देव्हारा काढला. आजी म्हणत होती, भिंत पडेल. बीडीडी चाळीची भिंत, तशी आधीच भेगाळलेली.

अण्णा : मग?

कालिंदी : नाही पडली. तिथे आता माझी पुस्तकं आहेत.

धोंडू : अण्णानु, च्या निवता.

अण्णा : तुमचं उत्तर बरोबर येईल कशावरून?

कालिंदी : एकटा सातारा काल यंत्रावर काढून हाताने ताडून पाहिलाय. जुळला. साहेब थोडा वेळ थांबतील. चूक उत्तराला मात्र थांबणार नाहीत, ते तसंच घेऊन जातील.

अण्णा : तेही खरं. काढा माझा गठ्ठा.

कालिंदी : तुम्हीच काढा.

अण्णा : सांभाळून. कार्डं मऊ पडलीयत. ...घ्या. चालू करा.

धोंडू : चालू झाला? आवाज काय तो बदललो नाय.

अण्णा : आत रूपांतर चाललंय. हेडक्लार्क चष्मा शोधतोय.

कालिंदी : अण्णा, हा गठ्ठा कपाटात ठेवू? फेकायचा नाही.

अण्णा : ठेवा. तुमच्यात डांग कुठे आहे?

कालिंदी : प्रत्येक जिल्ह्याचं एक कार्ड आहे. डांगचं सकाळीच काढलं.

अण्णा : कुठाय?

कालिंदी : तुमच्या कपाखाली.

अण्णा : ...एवढंच?

कालिंदी : एवढंच.

अण्णा : धोंडू, कप ने.

धोंडू : नेतंय. तुमी पण चला भायर. हंय आता तुमचां काय काम?

अण्णा : काही नाही. गारव्याला बसलोय.