हात लावू नका!

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. माणसाला ऐकू कशानं येतं?

— कानानं! वा, समोरचे आजोबा काय खणखणीत बोलले! बरं, मग मला सांगा, मघापासून त्या खांबाजवळ कुणाचा तरी मोबाइल वाजतोय. सगळ्या मंडपाला ऐकू येतोय! ज्याचा आहे, त्यालाच तेवढा येत नाही! का हो? कान नाहीत त्याला? आहेत की, चांगले मोठे आहेत! बंद केलात? शाब्बास. मग कान असून ऐकू का येत नाही, याचं उत्तर आजच्या आख्यानात आहे. पेटीवाले, जरा सबुरीनं. हे आख्यान पुराणातलं नाही. नाशिककडचं आहे. माणसं हयात आहेत, म्हणून नावं बदलून सांगतो.

दोघे भाऊ. थोरले दामोदर, धाकटा प्रल्हाद. वडील लवकर गेले. थोरल्यानं सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि धाकट्याला शिकवलं. सगळं गाव थोरल्याला ‘भाऊ’ म्हणायचं. अहो, सगळं गाव म्हणजे कोण? त्यांची स्वतःची बायकोसुद्धा! हसू नका. जुन्या बायका त्या, नवऱ्याचं नाव कसं घेणार? सगळे म्हणतात ते आपणही म्हणायचं — भाऊ!

धाकट्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. कुठून? विमानाच्या कारखान्यातून! गगनवेध कंपनी. विमानाच्या इंजिनाचे भाग करायची, कारखान्यांचे हे एवढाले पंप करायची. आणि विमानाच्या कारखान्यात स्वारी गेली कशावरून? सायकलच्या दांडीवरून! थोरला पॅडल मारतोय, धाकटा दांडीवर, मांडीवर सर्टिफिकिटांची पिशवी. चढ आला की भाऊ म्हणायचे, “उतरू नकोस रे, पँटीला धूळ लागंल!”

नोकरी लागली. जन्म गेला तिथं. निवृत्त झाला तेव्हा हाताशी कंपनीचे शेअर. आणि तिथून मंडळी, प्रल्हादरावांना नवा देव मिळाला! सकाळी आंघोळीआधी दर्शन — काय भाव आहे? जेवताना — काय भाव आहे? गावात ज्याला त्याला सांगायचा, “घ्या गगनवेध, डोळे मिटून घ्या!” लोकांनी घेतले. भाऊंनीही थोडे घेतले. म्हणाले, “तुझी कंपनी ना? मग आपलीच.”

भाऊ संध्याकाळच्या आत कधी गप्पा मारायला आले, तर हा टीव्हीवरची नजर न काढता म्हणायचा, “थांब भाऊ, बाजार बंद होऊ दे.” भाऊ थांबायचे. चहा प्यायचे. पायावर पाय घालून बसायचे. मग चप्पल घालून निघून जायचे. आज प्रल्हाद म्हणतो, “बुवा, तो काय बोलायला यायचा, मी कधी विचारलंच नाही.”

आला तिमाही निकालाचा दिवस. नफा वाढलेला! विक्री वाढलेली! आणि भाव? धाडकन खाली! आता हे काय गौडबंगाल? अहो, सोपं आहे. पोरगा फर्स्ट क्लासात पास झाला आणि बाप तोंड पाडून बसला — का? तर शेजाऱ्यांना वाटत होतं, पहिला नंबर येईल! कंपनी म्हणाली, कमावलं पुष्कळ, पण पुढच्या वर्षी जरा कमी कमावू. झालं! बाजाराचं तोंड वाकडं!

प्रल्हादच्या फोनला उसंत नाही. “प्रल्हादराव, भाव पडले!” “काका, भाव पडले, विकू का?” सगळ्यांना एकच उत्तर — “विकू नका, हात लावू नका!”

आणि त्या गदारोळात एक फोन आला. वहिनीचा. रडका आवाज. फोनमध्ये खरखर.

“भावजी, भाऊ पडले हो!”

काय म्हणाली? — भाऊ. यानं काय ऐकलं? — भाव! त्यांनीही घेतले होते ना शेअर! हा म्हणाला, “पडू द्या, वहिनी. घाबरायचं नाही.”

“अहो, उठंनात!”

“आज नाही उठायचे. उठतील सावकाश.”

“मग मी काय करू?”

“काही करू नका! हात लावू नका! पडलेत तसेच राहू द्या. मी बघतो सगळं. मी सांगेन तेव्हाच हलवा.”

आणि फोन ठेवला! मंडळी, ठेवला हो फोन!

तिकडे गावाच्या दुसऱ्या टोकाला भाऊ अंगणात आडवे. डोळे उघडे, तोंड वाकडं, शब्द फुटेना. शेजारी धावले, उचलायला वाकले, तर ही माउली आडवी आली! “हात लावू नका! भावजींनी सांगितलंय. ते शिकलेले आहेत, त्यांना कळतं. ते बघतायत सगळं.” शेजाऱ्यांनाही वाटलं, मणक्याला मार असेल, म्हणून हलवू नका म्हणाले असतील. गाडी पाठवतील. ऊन आलं, तेव्हा तिनं पदर धरला भाऊंवर. पदर धरला, पण हात लावला नाही! पुन्हा फोन केला, लागेना. भावजी कंपनीच्या साहेबांचं भाषण ऐकत होते!

साहेब गोड बोलले. नव्या विमानांच्या ऑर्डरी आल्यात म्हणाले. बाजार बंद होता होता भाव पुन्हा वर! प्रल्हादच्या जिवात जीव आला. पाव किलो पेढे घेतले, गाडी काढली, भाऊच्या दारात उतरला आणि फाटकातूनच ओरडला, “वहिनी! उठले की नाही?”

अंगणात माणसं. मधे भाऊ. वहिनीनं पदर तसाच धरलेला. मान वर करून तिनं विचारलं —

“आता हलवू का, भावजी?”

(तबलजी, राहू द्या. इथं काही वाजवू नका.)

दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, “लगेच आणलं असतं तर…” दुसऱ्या दिवशी भाऊ गेले.

वहिनी आहे. भेटायला येईल त्याला आजही सांगते, “भावजी म्हणाले तसं सगळं केलं मी. कशात कसूर केली नाही.” आणि प्रल्हाद समोर बसून खाली मान घालून ऐकतो. मला विचारत होता, “बुवा, तिला खरं सांगू का?” सांगितलं, तर तिला कळणार की आपण वाचवू शकत होतो. नाही सांगितलं, तर हा जन्मभर तिच्या विश्वासाखाली दबून मरणार. मंडळी, मी कीर्तनकार आहे, सगळ्याला माझ्याकडे उत्तर असतं! तेव्हा मात्र मी त्याचा हात धरून नुसता बसलो.

तर माणसाला ऐकू कशानं येतं? आजोबा, आता बोला की! ज्याची वाट बघत असतो, तेच ऐकू येतं हो. तुमची वाट कशाची? तुम्ही हसताय, पण तुमच्या खिशातही काहीतरी आहेच — कुणाचा शेअर, कुणाची मॅच, कुणाची निवडणूक. बहिरेपण तेच!

त्या दिवशी प्रल्हादनं फक्त एक वाक्य बोलायला हवं होतं. आता उठाल, प्रसाद घ्याल, चपला शोधाल. घरी पोचलात की आज ज्याचा फोन घाईत ठेवलात ना, त्याला उलटा फोन लावा. आणि म्हणा —

“मघाशी नीट ऐकलं नाही रे. काय म्हणत होतास? पुन्हा सांग.”