कमावत्या माणसाचं नाव

रेशन कार्डाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी जावा उभ्या होत्या.

"अगं, अर्जात लेकीचा पगार कशाला दाखवलास? मर्यादेच्या वर गेलं की धान्य बंद!"

"मी नाही, तिनंच लिहिलाय."

"मग खोड. नाहीतर वेगळी राहते म्हणून सांग."

"वेगळी? एका पांघरुणात झोपतो आम्ही, जाऊबाई."

"इथं कोण बघायला येतंय?"

"काल पहिला पगार झाला तिचा. म्हणाली, आई, कमावतं माणूस म्हणून माझं नाव घालायचं."

"आणि महिनाभर खाणार काय?"

"विकत आणू. ओढाताण होईल, ठाऊक आहे मला."

तेवढ्यात खिडकीतून कारकुनानं विचारलं, "बाई, नाव कमी करायचंय का?"

"नाही साहेब. कार्ड जमा करायचंय."