झबली आणि अंत्यविधी समिती

केनियातल्या किसुमूमध्ये फोन कंपनीच्या कार्यालयात माझ्यापुढे एक बहीण-भाऊ रांगेत उभे होते.

“ओपोंडो, तू बनवलेल्या वेबसाइटच्या भरवशावर मी बाजारातला गाळा सोडला. नऊ दिवसांत बाळाचं एकही झबलं विकलं गेलं नाही.”

“ताई, लोक शेवटपर्यंत येतात. पैसे देताना थांबतात.”

“का?”

“पिन टाकायच्या आधी फोनवर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं.”

“मग माझ्या दुकानाचं येत असेल की.”

“नाही. ‘दिवंगत ओडेरो अंत्यविधी समिती’ असं येतं.”

“काकांच्या अंत्यविधीची वर्गणी जमवलेला नंबर जोडलास?”

“नवा मिळायला दोन आठवडे लागतात. हा दोन वर्षं नुसता पडून होता.”

“आणि झबलं घेणाऱ्या आईला काय वाटत असेल, गाढवा?”

“वाईट वाटतं. बऱ्याच जणींनी सांत्वनाचे निरोप पाठवलेत.”

“पैसे कुणीच दिले नाहीत?”

“मोम्बासाच्या एका गृहस्थांनी दिले. दोन हजार शिलिंग.”

“देव पावला! कुठलं झबलं हवंय त्यांना?”

“झबलं नको म्हणाले. घरच्यांना आधार म्हणून दिलेत.”

“आत्ताच्या आत्ता परत कर.”

“केले होते, ताई. आपले कमी पडले असं वाटून त्यांनी चार हजार पाठवले.”